मच्छिंद्र मिस्त्रीची खुर्ची

त्या काळी जालन्यात मोटारीचे ब्रेक दुरुस्त करणारे तिघं होते, पण दुरुस्त केलेल्या ब्रेकसमोर स्वतः जाऊन बसणारा एकच होता, तो म्हणजे मच्छिंद्र मिस्त्री. बदनापूरच्या रस्त्याला बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगची लांबलचक दगडी भिंत होती, तिच्या कडेला त्याचं पत्र्याचं शेड. त्याच जिनिंगच्या मॅनेजरची जाडजूड हाताची खुर्ची त्याच्या वाट्याला आली होती. ती खुर्चीच पुढं त्याची ग्यारंटी झाली.

सुरुवात झाली ती रागातून. पोलीस ॲक्शनच्या दुसऱ्या वर्षी आष्टीचं एक गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं आणि काम झाल्यावर म्हणालं, "ब्रेक लागंल याचा भरोसा काय?" मच्छिंद्र हसनाबादच्या शेतकऱ्याच्या पोटचा, राग नाकावर आणि नाक भलंमोठं. त्यानं खुर्ची उचलून भिंतीला लावली, समोर दोन हातांवर चुन्याची रेघ ओढली आणि खुर्चीत बसून म्हणाला, "आण गाडी माझ्या अंगावर. रेघंवर थांबली तर ब्रेक बराबर. न्हाई थांबली तर भांडायला मी ऱ्हात न्हाई."

गाडी थांबली. बातमी बाजारात पसरली. पुढच्या गिऱ्हाइकानं आल्याआल्या विचारलं, "मिस्त्री, खुर्चीत बसणार ना?" झालं. रागात बोललेला एक शब्द सहा वर्षं त्याच्या गळ्यात पडून राहिला. ब्रेकचं काम असलं की लोक गोळा व्हायचे. मच्छिंद्र ऐटीत बसायचा, मांडीवर वर्तमानपत्र पसरायचा आणि वाचायला लागायचा. काय काळीज आहे माणसाचं, असं लोक म्हणायचे. खरी गोष्ट अशी की गाडी सुटली की त्याचे दोन्ही पाय लटलट कापायचे आणि ते झाकायला वर्तमानपत्रासारखी सोय नाही. कधीकधी पेपर उलटा धरलेला असायचा, पण तेवढं जवळ जाऊन कोण बघतो?

त्याची बायको सोनूबाई चाचणीच्या वेळी शेडाच्या बाहेर पाऊल टाकत नसे. "भिताडाला पाठ लावून मरायची हौस हाय ह्यान्ला," एवढंच म्हणायची आणि आत भाकरी थापत बसायची. आपले पाय कापतात हे तिलासुद्धा ठाऊक नाही, अशी मच्छिंद्राची पक्की समजूत होती.

पंचावन्न साली रामनिवास सेठ आपली काळी विलायती मोटार घेऊन आला. सेठची तेलाची गिरणी होती आणि दोन गोष्टींचा त्याला अभिमान होता. एक म्हणजे त्याच्या गिरणीचं करडीचं तेल, आणि दुसरी त्याची जीभ. बोटाला लागलेला थेंब चाखून तेल कुठल्या गिरणीचं, घाणा ताजा की शिळा, हे तो डोळे मिटून सांगायचा. त्याच्या मोटारीला मात्र ब्रेक असा नव्हताच. पाय दाबला की तो खाली फळीपर्यंत जायचा आणि गाडी आपल्या मर्जीनं थांबायची. सेठ महिनाभर चढ बघून गाडी थांबवत होता. सेठाणी प्रेमबाईला मंदिराऐवजी दरवेळी चढावरच्या हौदापाशी उतरावं लागायचं.

मच्छिंद्रानं चारही चाकं उतरवली. आतले छोटे सिलिंडर गंजून गेले होते, ते हैदराबादहून नवे मागवले. ब्रेकच्या शूजवरची घासलेली पट्टी काढून जिनिंगच्या जुन्या मशिनीचा जाड पट्टा कापून तांब्याच्या रिव्हेटांनी ठोकला. सगळी रबरं नवी बसवली. शेवटी डब्यातलं ब्रेकचं तेल ओतू लागला, तेव्हा बाजूला उभ्या सेठनं सवयीप्रमाणं बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"मिस्त्री, हे तर एरंडेल हाय. अन् त्यात स्पिरिट मिसळलंय."

"तसंच असतंय सेठ. हे कढईत टाकायचं न्हाई, ब्रेकात टाकायचंय."

"भेसळ ती भेसळच," सेठ पुटपुटला. मच्छिंद्र हसला आणि विसरून गेला. तिथंच तो चुकला.

सेठला चाचणीसाठी मुहूर्त पाहिजे होता. पंचांगात सोमवारी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटं निघाली, म्हणून शनिवारी गाडी त्याच्या घरी गेली. सोमवारी सेठ पांढऱ्याशुभ्र धोतरात, कपाळाला कुंकू लावून, स्वतः गाडी चालवत आला. निम्मा बाजार भिंतीपाशी जमला होता. गाडी जरा कण्हत येतेय आणि चाकांना जळका वास मारतोय, हे मच्छिंद्राच्या लक्षात आलं. पण खुर्चीत बसून पेपर उघडून झाला होता. आता उठलं तर सहा वर्षांची अब्रू उठली. तो बसून राहिला.

सेठनं लांबून गाडी सोडली. मच्छिंद्राचे पाय पेपराखाली नाचू लागले. सेठनं पाय दाबला आणि गाडी बरोब्बर चुन्याच्या रेघेवर उभी राहिली. लोकांनी टाळ्या पिटल्या. इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण सेठ हाडाचा व्यापारी. मापात चिमूट कमी गेलेलं त्याला खपत नसे. त्याला वाटलं, आणखी जरासं जवळ घेऊन दाखवावं. त्यानं गाडीला जोर देऊन पुढं रेटलं, बंपर मच्छिंद्राच्या गुडघ्यांना टेकला, तसा घाबरून सेठ दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिला.

गाडी थांबली, ती थांबलीच. सेठनं पाय काढला तरी चाकं सुटेनात. मागं रिव्हर्स टाकला, इंजिन गुरगुरून बंद पडलं. वीस माणसं लागली, गाडी तसूभर हलंना. पाठीमागं दगडी भिंत, दोन्ही बाजूंना खुर्चीचे जाड हात आणि गुडघ्यांवर बंपर, असा मच्छिंद्र मिस्त्री जिवंत, धडधाकट, पण पुरता अडकला.

"ब्रेक लागला खरा," पुंजाराम भाजीवाला म्हणाला, "पण सुटायचं कोण शिकवणार त्याला?"

लोक हसले. मच्छिंद्राला ते हसणं बंपरपेक्षा जड गेलं. माणूस मेला असता तर नाव राहिलं असतं. इथं माणूस शाबूत होता आणि नाव चाललं होतं. ज्याचे ब्रेक सुटत नाहीत त्याच्याकडं उद्यापासून कोण येणार?

"सेठ," तो बसल्या जागेवरून ओरडला, "तुमच्या पायाखालची फळी काढा. खाली लोखंडी भांडं दिसंल. त्यातनं तांब्याची नळी निघती, तिचा नट ढिला करा. शेडातनं नऊ-सोळाचा पाना आणा कुणीतरी."

"मी?" सेठ म्हणाला.

"मंग कोण? मी इथं पेपर वाचून राह्यलो ना."

शेडाच्या दारातूनच पाना पुढं केला तो सोनूबाईनं. सेठ उंबऱ्यावर पालथं पडावं तसा सीटवरून खाली लोंबकळला. डोकं ब्रेकपाशी, आणि धोतरातले दोन पाय दाराबाहेर हवेत. जालन्यानं सेठचं असं दर्शन कधी घेतलं नव्हतं.

"फिरतच न्हाई हो."

"उलट्या बाजूनं फिरवून राह्यलात. डावीकडं. अर्धाच आटा."

खाली काहीतरी कुईकन वाजलं, सेठच्या तोंडावर तेलाची पिचकारी उडाली आणि त्याच क्षणी चारही चाकांनी गाडी सोडली. वीस माणसं धरूनच होती, ती गाडीसकट मागं गेली. मच्छिंद्र उठला.

सेठ बाहेर आला. नाकावरून तेल ओघळून ओठांवर आलं होतं. सवय वाईट असते. त्यानं जीभ फिरवली, डोळे मिटले आणि तसाच थबकला.

"काय झालं?" पुंजारामनं विचारलं.

सेठला गप्प बसता आलं असतं. अर्धा बाजार ऐकायला उभा होता आणि सगळा दोष मिस्त्रीवर जात होता. पण त्या जिभेनं आयुष्यात खोटी चव सांगितली नव्हती.

"हे तर आपलं हाय," तो हळूच म्हणाला. "परवाच्या घाण्याचं. करडीचं." मग मच्छिंद्राकडं न बघता म्हणाला, "शनवारीच मी ते एरंडेल चिंध्यांनी टिपून काढलं अन् आपलं शुद्ध तेल भरलं. म्हटलं, मिस्त्रीनं भेसळ केली, पन त्याला कशाला लाजवायचं?"

मच्छिंद्रानं कपाळावर हात मारला. "अवो सेठ, एरंडेल रबराला पचतंय. तुमचं तेल पिऊन रबर फुगलं, टम्म. मंग ते मागं कसं सरंल?"

"म्हंजे तेल शुद्धच होतं," सेठ म्हणाला. तेवढी तरी अब्रू त्याला राखायची होती.

नवी रबरं आली, एरंडेल पुन्हा भरलं गेलं. बुधवारी, मुहूर्त न बघता, सेठ गाडी घेऊन आला. भिंतीपाशी सोमवारपेक्षा जास्त लोक होते. सेठ उतरला आणि सरळ जाऊन खुर्चीत बसला.

"चूक माझी होती. आज इथं मी. मिस्त्री, तुम्ही चालवा."

कुणी हसलं नाही. मच्छिंद्र स्टिअरिंगवर बसला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्यानं ती खुर्ची समोरून बघितली. किती लहान दिसत होती ती, आणि तिच्यातला माणूस तिच्याहून लहान. सेठचे पाय थरथरत होते. धोतराच्या निऱ्या लांबूनही हलताना दिसत होत्या.

तेवढ्यात शेडातून सोनूबाई बाहेर आली. चाचणीला ती पहिल्यांदाच बाहेर येत होती. हातात घडी केलेलं वर्तमानपत्र होतं. ते उघडून तिनं सेठच्या मांडीवर पसरलं.

"असू द्या," ती म्हणाली. "पाय हालत्यात ते दिसत न्हाईत मंग. आमचे ह्ये इतकी सालं असंच करत्यात."

सगळ्यांनी मच्छिंद्राकडं पाहिलं. त्याचं मोठं नाक लालबुंद झालं. मग त्यानं गाडी सोडली आणि रेघेपासून चांगली दहा हात लांब असतानाच पाय दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. त्यानं पाय काढला, चाकं मोकळी झाली.

"मिस्त्री," सेठ म्हणाला, "रेघ तर इकडं हाय."

"ऱ्हाऊ द्या," मच्छिंद्र म्हणाला. "तिथं बसून गाडी कशी दिसती ते मला ठाऊक हाय."

तो उतरला आणि उरलेलं अंतर चालत गेला, सेठला हात देऊन उठवायला.