दादाच्या रक्तातली साय

माझा थोरला भाऊ चाळिशीनंतरही वाढत होता. उंचीनं नव्हे, हात, पाय, जबडा, जीभ. पूर्णेच्या बाजारात त्याच्या मापाची चप्पल मिळेनाशी झाली, तेव्हा आमचं सगळं चुडावा गाव हसलं आणि मीही हसले. माझ्या लग्नाच्या फोटोत तर मीच त्याला मागच्या रांगेत ढकललं होतं. मी पूर्णेत एका लॅबमध्ये रक्त तपासते. दिवसभर दुसऱ्यांचं रक्त तपासणाऱ्या बाईला सख्ख्या भावाचं दुखणं दिसू नये, याची मला अजून चीड येते.

एकदा सहज त्याचं रक्त घेतलं. मशीनमध्ये फिरवल्यावर नळीत वर पिवळसर पाणी यायला हवं, ते दुधासारखं पांढरं आलं. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, भयंकर वाढलेली. मी वहिनीला भाजीतल्या तेलावरून झाडलं. नांदेडच्या डॉक्टरांनी मात्र आधी दादाचे पंजे बघितले. म्हणाले, मेंदूच्या बुडाशी गाठ आहे, ती वाढीचा हार्मोन जास्त सोडते, चरबीही त्यानंच बिघडलीय. नाकातून ऑपरेशन झालं. गाठ थोडी उरली. म्हणून दर महिन्याला एक इंजेक्शन ठरलं, ते मीच चुडाव्याला जाऊन द्यायचं.

सहाव्या इंजेक्शननंतर नळी स्वच्छ आली. ट्रायग्लिसराइड्स उतरल्या होत्या, चांगलं कोलेस्टेरॉल वर आलं होतं. वाईट कोलेस्टेरॉल किंचित वाढलेलं होतं, ती ओळ मी वाचलीच नाही. हार्मोनचा रिपोर्ट पुण्याहून यायचा बाकी होता. तरी मी अंगणात उभी राहून मोठ्यानं सांगितलं, "दादा सुटला!"

वहिनीनं दर्ग्याला नवस बोलला होता. त्याच गुरुवारी तिनं कंदुरी केली. बोकड कापला, गावाला जेवू घातलं. मी दोनदा रस्सा मागून घेतला.

आठवड्यानं पुण्याचा कागद आला. हार्मोन अजून चढलेलाच होता. तो पर्समध्ये घालून, इंजेक्शन घेऊन मी गेले. दादा ओट्यावर बसला होता.

"आता सुई नगं बाई," तो म्हणाला. "नवस फेडलाय. पुन्ना सुई घेतली की पिराला खोटं पाडल्यावानी व्हतंय."

"ताई, तुमीच म्हनलात ना सुटले म्हनून?" वहिनी म्हणाली.

कागद बाहेर काढला असता तर गावासमोर माझी जीभ खोटी ठरली असती. शिवाय खरं सांगते, दर महिन्याला रजा काढून तिकडं जायचा मला कंटाळा आला होता. मी "बरं" म्हणाले. परतीच्या गाडीत मला अगदी हलकं वाटलं.

पुढं त्याचं डोकं दुखायला लागलं, घामानं सदरे भिजायला लागले. पुन्हा रक्त घेतलं. नळीत पुन्हा साय. मी ती नळी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि कुणाला काही बोलले नाही. सांगायचं तर आधीचंही सांगावं लागलं असतं. दादा हरभऱ्याच्या रानात पाणी देता देता कोसळला. हातापायांसारखं हृदयही वाढून फार मोठं झालं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

दहाव्याला घरभर माणसं होती. वहिनी माझ्याजवळ येऊन बसली. रडून रडून तिचा आवाज गेला होता.

"ताई, तुमी रक्त तपासलं तवा चांगलंच व्हतं ना? आमचं काई चुकलं तर न्हाई?"

"चांगलंच होतं," मी म्हणाले.

"मंग देवानंच नेलं," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.