आण्याच्या पठारावर चालणारी भोवती

आणे पठारावर मेंढ्या राखण्यात ठमाबाईंची पंचेचाळीस वर्षे गेली. त्यांना अक्षरओळख नाही. परंतु भोवती नावाचे शिकारी पक्षी हिवाळ्यात कोणत्या माळावर उतरतात, हे अचूक ठाऊक. हे पक्षी कझाकस्तानातून येतात आणि गवतात, जमिनीवरच झोपतात. तेवढ्या गवतात ठमाबाई कळप घालीत नाहीत. "निजल्याल्याला उठवू न्हाई," एवढेच त्यांचे शास्त्र.

गेल्या डिसेंबराच्या चौदा तारखेला माझी जुनी विद्यार्थिनी हर्षाली, जी आता पक्षी-संशोधक आहे, धापा टाकीत आली. कझाकस्तानातील अभ्यासकांनी एका मादीच्या पायात आकडा कोरलेले कडे घातले होते आणि पाठीवर बारीक यंत्र बसविले होते. ते उपग्रहामार्फत तिचा ठावठिकाणा कळवी. आठ दिवस ती मादी उडतच नव्हती. चालत होती! दिवसाकाठी सहा किलोमीटर, आणि दर दोन रात्रींनी मुक्काम नव्या शेतात.

"सर, पंख मोडला असेल. ती जिवंत आहे का, एवढंच तिकडून विचारतायत."

नकाशावरील ताज्या खुणेपाशी आम्ही पोहोचलो, तो समोर ठमाबाईंचा कळप. सर्वांत पुढे म्होरक्या मेंढा, आणि त्याच्या गळ्यात ते यंत्र!

"ठमाबाई, हे कुठलं?"

"गवतात गावलं, मास्तर. कुनाचा तरी ताईत पडला आसंल म्हनून बांधला. तवापासनं लांडगा फिरकला न्हाई बगा!"

हर्षालीला हसू आवरेना, पण डोळे भरलेले. "आजी, तिथं पक्षी मेलेला होता का?"

"येडी का काय तू? पट्टा झिजून तुटलाय, ही टोकं बग. पीस न्हाई, रगात न्हाई. पायात पिवळं कडं आसल्याली ना ती? काल सांजच्याला व्हती की!"

मग काय! सूर्य टेकला तसे आम्ही तिघे बांधाआड पालथे पडलो. एक, दोन, चार... पाहता पाहता एकोणतीस भोवत्या आकाशात घिरट्या घालू लागल्या. तिसावी अगदी आमच्या डोक्यावरून गेली. पिवळे कडे! हर्षालीने दुर्बिणीतून त्यावरील आकडा वाचला आणि माझा दंड असा आवळला की वळ उठला.

"तीच आहे, सर! तीच!"

तिने तेथूनच निरोप धाडला. चारच मिनिटांत कझाकस्तानहून उत्तर आले. त्यात सात उद्गारचिन्हे होती. यंत्र सांभाळणाऱ्या बाईंचे आभारही होते.

ठमाबाई पदर झटकीत उठल्या. "त्यास्नी कळीव, पोरी. उन्हाळ्यात तिकडं तुमी बगा म्हनावं. थंडीत हितं आमी हाय."

हर्षालीने ते शब्दशः कळविले.