नेलपॉलिशचा ठिपका

आजवर हे कोणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. एकदा मी तिच्या नेलपॉलिशची बाटली गुपचूप उचलली होती. बाबांची जुनी गाडी आमगावच्या मिस्त्रीकडे टाकायची होती, आणि तो आतला अस्सल माल काढून दुसरा बसवेल अशी मला धास्ती होती. म्हणून बॉनेट उघडून कार्बोरेटर, डायनॅमो, रेडिएटरचं झाकण, सगळ्यांवर एकेक लाल ठिपका दिला.

खूण करायची सवय घरचीच. बाबा विळ्यावर, कुदळीवर, लग्नाला न्यायच्या लोट्यावरसुद्धा कानशीनं दोन रेघा मारत. रेघा मारल्या की वस्तू आपली. मला गाडीवर कानस चालवायचा धीर झाला नाही, इतका तिच्यावर जीव. थंडीत चोक ओढला की तीनदा खोकून सुरू व्हायची. दरेकशाच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये बैलासारखी मान खाली घालून चढायची. नव्या गाडीत बसलं की मला परक्याच्या घरी बसल्यासारखं वाटतं, पाय कुठं ठेवावेत कळत नाही. पण जीव लावला की संशयही मागोमाग येतोच. मेहुण्यानं गाडी नेऊन आणली की मी बॉनेटला हात लावून बघायचो, सांगितलं त्यापेक्षा जास्त तर फिरवली नाही ना.

आठ दिवसांनी मिस्त्रीनं गाडी दिली. माझ्याच वयाचा माणूस. असल्या गाड्यांवर हात बसलेला तालुक्यात तो एकटाच उरला होता. "घ्या गुरुजी, आता मख्खन चालन," म्हणाला.

खरंच तशी चालली. तेच मला खटकलं. घरी येऊन बॉनेट उघडलं. डायनॅमोवर ठिपका होता, झाकणावर होता. कार्बोरेटर मात्र चकचकीत, आणि त्याच्यावर काहीच नाही.

मी शाळामास्तर. माझ्या शब्दाला गावात वजन. दुसऱ्या दिवशी आमगावच्या स्टेशनसमोरच्या टपरीवर एकानं विचारलं, "काय जी गुरुजी, गाडी कशी चालून राहिली?"

"मस्त चालून राहिली. पण तिचा दिल बदलून टाकला मिस्त्रीनं."

टपरी हसली. गुरुजी कशाला खोटं बोलतील? महिन्याभरात त्याचं नाव 'दिलचोर' पडलं. तो चहाला आला की कोणीतरी हाक मारायचंच, "का गा दिलचोर, गुरुजीच्या गाडीचा दिल कोणाले बसवला?" आधी तोही हसायचा. मग चहाला यायचाच बंद झाला.

एका रविवारी तो सायकल घेऊन माझ्या दारात आला. बस म्हटलं तर बसला नाही. अंगणातूनच म्हणाला, "गुरुजी, मले चोर काऊन म्हणून राहिले?"

"माझी खूण नाही त्याच्यावर."

"कोणती खूण होती ते त सांगा. मीबी पायतो."

बायको दारात उभी होती. मास्तर माणूस, आणि बायकोचं नेलपॉलिश! मी म्हणालो, "खूण सांगायची नसते."

तो गाडीकडे पाहत राहिला. "पार्ट तोच हाये जी. मी फक्त धुतला." एवढं बोलून गेला. मला वाटलं, चोर असंच बोलतो.

पुढच्या उन्हाळ्यात, आता कोणाचाच भरवसा नको म्हणून, कार्बोरेटर मी स्वतः उतरवला. त्याच्यावर नवा ठिपका केव्हाच देऊन ठेवला होता. घराला रंग दिला तेव्हाचं थिनर उरलं होतं, ते एका जुन्या पातेल्यात ओतलं, कार्बोरेटर बुडवला, ब्रश मारला. ठिपका विरघळून गेला. थिनरला गुलाबी झाक आली. तरीही मन कबूल होईना. मग बसवलेला असताना कधीच न दिसणारा तळ उलटा करून पाहिला. कानशीच्या दोन रेघा. बाबांच्या.

म्हणजे त्या दिवशी अंगणात मी खूण सांगितली असती, तर तो तिथल्या तिथं म्हणाला असता, अजी गुरुजी, थिनरनं धुतला ना मी, कसा राहील ठिपका?

मी कार्बोरेटर पुसला, परत बसवला, आणि गप्प राहिलो. त्याला आता बरीच वर्षं झाली. मिस्त्रीकडे गाड्या येईनाशा झाल्या. दुकान गेलं. आता तो एका राइस मिलवर इंजिन सांभाळतो. 'दिलचोर' मात्र तसंच चिकटून आहे. नव्या पोरांना वाटतं, तरुणपणी काही लफडं केलं असेल.

गाडी आहे. तेव्हा त्यानं जुळवून दिलेला कार्बोरेटरचा स्क्रू मी कधी फिरवला नाही. सालेकशाला सासुरवाडीला जाताना आमगाव टाळून फेऱ्यानं जातो. बायको म्हणते, "सरळ रस्ता सोडून इकडून कायले नेता जी?" मी म्हणतो, रस्ता खराब आहे.

गेल्या महिन्यात रेल्वे फाटकावर अडकलो. मिस्त्री सायकलसह शेजारीच उभा. बॉनेटकडे कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "अजूनबी मख्खन हाये, गुरुजी." फाटक उघडलं, तो गेला. मला खरं कळून चुकलंय हे त्याला माहीत आहे, असा मला तेव्हापासून संशय आहे. हा बहुधा पहिलाच खरा निघेल.

टपरी अजून तिथंच आहे. चहाला माणसं जमलेली असताना, बायकोही सोबत असताना, पार्ट तोच होता आणि माझी खूण तिच्या नेलपॉलिशची होती, एवढं मोठ्यानं बोलणं मी त्याला देणं लागतो.