एक डाव काथोडदादांचा

विमानाच्या किश्शांचं एक असतं. पॉवरलूमखाली कापसाचा कचरा साचतो, तसे ते साचत जातात. रोज झाडलं तरी दुसऱ्या दिवशी आहेच! मंडळी घरी येणार असली की मी ठरवून ठेवतो, आज विमानाचा विषय काढायचा नाही. मग कोणीतरी खिडकीतून वर बघतं, मी म्हणतो, "यावरून आठवलं..." आणि आमची ही उठून चहा टाकायला जाते. तिला सगळे किस्से पाठ आहेत. शेवटचा मात्र ती दारात उभी राहून ऐकते.

विमान म्हणजे खरं नव्हे हो, रिमोटचं! पाच फुटांचा पंख, पुढे छोटंसं इंजिन, आणि आपल्या हातात एक डबा. डब्यावर दोन दांड्या आणि लांबलचक एरियल. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. भिवंडीला तेव्हा दोनच आवाज ठाऊक होते. एक लूमचा, दुसरा लाइट गेल्यावर लूम बंद पडल्याचा. त्यात आम्ही हा तिसरा सुरू केला.

आम्ही चौघं. मी भिवंडीतल्याच टेमघरचा, टेलिफोन खात्यात लाइनमन. लतीफभाई लूमचा मेकॅनिक. बिघडलेली वस्तू दिसली की त्याच्या हाताला खाज सुटायची. जना मास्तर जवळच्या वडपे गावचे, शाळेत मराठी आणि विज्ञान शिकवायचे. बोलणं एकदम पुस्तकी. 'पाणी पिऊया' म्हणायच्या ऐवजी 'जलपान करूया' म्हणणारे. आणि काथोडदादा, तेही वडप्याचेच. त्यांच्याच शेतात आम्ही विमान उडवायचो. भात कापून झालं की शेत मोकळं आणि सपाट.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "दादा, शेताचं भाडं काय देऊ?"

"भाडं नको मना," दादा म्हणाले. "येक डाव माज्या हातान द्या. मी उडवीन. बस."

"देऊ की!" आम्ही तिघं एकदम म्हणालो.

हा 'देऊ की' पुढे दहा वर्षं चालला.

*

पहिल्या विमानाच्या पंखाला लतीफभाईने ग्रे कापड चढवलं. ग्रे म्हणजे लूमवरून उतरलेलं कोरं कापड, भिवंडीत त्याला तोटा नाही. ते ताठ व्हावं म्हणून त्याने सुताला लावतात ती साइजिंगची खळ लावली. पंख असा ताठ झाला की टिचकी मारली तर ढोलकीसारखा वाजायचा! उन्हात वाळत ठेवला आणि आम्ही चहाला गेलो.

परत आलो तर काथोडदादांची शेळी उजवी बाजू संपवून डावीकडे वळली होती.

लतीफभाई डोक्याला हात लावून बसला. दादा मात्र शेळीच्या बाजूने. "तिला काय ठावं तुमचा पंख हाय का भाकर हाय? खळ कुनी लावली? तुमी!"

मास्तरांनी त्याच दिवशी एक वही सुरू केली. वर सुंदर अक्षरात लिहिलं, 'सुरक्षेचे नियम'. नियम पहिला : विमान उघड्यावर सोडून जाऊ नये. शेळी असते.

*

नियम दुसरा लतीफभाईच्या बोटाचा.

इंजिन सुरू करताना पंखा बोटाने फिरवायचा नाही, काठीने फिरवायचा, हे मास्तर त्याला रोज सांगायचे. लतीफभाई हसायचा. "मास्टर, मैं चालू लूम में हाथ डालता हूँ. ये तो खिलौना है!"

खिलौन्याने तर्जनीचं टोक फाडलं. रुमाल लाल झाला. स्कूटरवर मधे बसवून त्याला गावातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी न बघताच विचारलं, "लूम?"

"नाही, विमान," मी म्हणालो.

डॉक्टरांनी चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं आणि केसपेपरवर लिहिलं, 'विमान अपघात'. तो कागद कंपाउंडरने वाचला. कंपाउंडर लतीफभाईच्याच मोहल्ल्यातला! आम्ही पट्टी बांधून घरी पोचेपर्यंत गल्ली भरली होती. बायका रडत होत्या. लूम सोडून कारीगर आले होते. एका म्हाताऱ्याने लतीफभाईचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, "बेटा, तू बच गया. बाकी सवारी का क्या हुआ?"

"बाकी के तीन तो चाचा," लतीफभाई आमच्याकडे बघत म्हणाला, "इंजन चालू होते ही भाग गए थे!"

काथोडदादा दुसऱ्या दिवशी त्याला बघायला केळी घेऊन गेले. बोटाची चौकशी केली आणि उठता उठता म्हणाले, "मंग आता तुमी आजारी हाव, तर माजा डाव?"

"दादा, आधी काठीने इंजिन चालू करायला शिका," मास्तर म्हणाले. दादा आठवड्यात शिकले. आमच्यात सगळ्यात चांगलं तेच चालू करायचे. विमान मात्र आम्हीच उडवायचो.

*

आता रेंज चेक. उडवण्याआधी एकाने विमान धरून लांब उभं राहायचं. दुसऱ्याने एरियल मिटून डबा घ्यायचा आणि साठ पावलांवरून एकेक दांडी हलवायची. विमानाची शेपटी हलली तर पलीकडच्याने ओरडून सांगायचं. हे न करता विमान सोडणं म्हणजे गेलंच समजा.

त्या दिवशी विमानाजवळ काथोडदादा, डब्यावर मी. वारा चांगला होता.

मी एक दांडी हलवली. "दादा, उजवं-डावं?"

"हाय!"

दुसरी हलवली. "वर-खाली?"

"हाय!"

विमान सोडलं. ते उजवीकडे गेलं, डावीकडे गेलं, पण वर काही येईना. मी दांडी ओढतोय, ओढतोय! बांध ओलांडून विमान सरळ ओहोळात घुसलं. पुढचा अर्धा भाग मिळाला, मागचा बेडकांनी घेतला.

"दादा, तुम्ही हाय म्हणालात ना!"

"मी? मी न्हाय म्हनलो!"

"मी स्वतः ऐकलं, हाय!"

"अरं न्हाय! न्हाय म्हनलो मी! तार तुटलेली दिसत व्हती मना!"

साठ पावलांवरून, वाऱ्यात, 'न्हाय'मधला 'न' गळून पडला होता. लतीफभाईला विचारलं तर तो म्हणाला, "हाय तो मैंने भी सुना. मुझे लगा दादा को बिच्छू काट गया!"

मास्तरांनी वही उघडली. नियम सातवा : रेंज चेकच्या वेळी केवळ प्रमाण मराठीचा वापर करावा. 'आहे' किंवा 'नाही'.

"म्हंजे?" दादा भडकले. "माज्या शेतान माजी भाषा न्हाय?"

"भाषा हाय... म्हणजे, आहे दादा," मास्तर सावरून म्हणाले. "आपलीच आहे. मी काय परका आहे का? पण विमान वाचायला हवं."

दादा पुढचे तीन रविवार आमच्याशी बोललेच नाहीत. चौथ्या रविवारी आले, साठ पावलांवर विमान धरून उभे राहिले आणि अख्ख्या वडप्याला ऐकू जाईल असे ओरडले, "आ... हे! ना... ही!" शेतावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, खरं सांगतो.

*

दुसरं विमान मास्तरांनी ट्रकवर उतरवलं.

दादांच्या शेतापासून नाशिकचा हायवे जवळ. रस्त्याच्या बाजूला विमान नेऊ नये हा नियम मास्तरांचाच. इंजिन बंद पडलं, वारा फिरला, आणि विमान अगदी अलगद एका ट्रकच्या ताडपत्रीवर बसलं. एवढं सुंदर लँडिंग मास्तरांनी आधी कधी केलं नव्हतं. ट्रक नाशिकला निघून गेला. आम्ही हायवेवर डबा हातात घेऊन उभे.

चौथ्या दिवशी तोच ट्रक शेताजवळ थांबला. ड्रायव्हरने विमान खाली दिलं. शेपटीला लिंबू-मिरची बांधलेली!

"छोटा सही, पर गाड़ी तो है," तो म्हणाला.

लिंबू-मिरची काढायला मी हात घातला, तर मास्तर ओरडले, "थांबा!" विज्ञान शिकवणारा माणूस हो! म्हणाले, "शेपूट जरा हलकी होती. आता समतोल साधला आहे. हे निव्वळ वजन आहे." त्यानंतर विमान खरंच सरळ उडायला लागलं. दांडीला हात न लावता मोठमोठे गोल मारायचं. दर अमावस्येला ते निव्वळ वजन मास्तर स्वतः बदलायचे.

*

माझाही एक आहे. लपवून काय करू!

पावसाळ्यात विमान माळ्यावर. डबा ठेवताना त्यातले सेल काढून ठेवायचे, एवढं एकच काम माझ्याकडे होतं. मी विसरलो. चार महिन्यांनी झाकण उघडलं तर सेल फुटून आत हिरवी-पांढरी बुरशी आल्यासारखं. डबा मेला. लतीफभाईने उलटा-पालटा केला आणि माणूस गेल्यावर म्हणतात तसं म्हणाला, "इन्ना लिल्लाह."

त्याच्या मेहुण्याने दुबईहून दुसरा डबा आणेपर्यंत दीड वर्ष गेलं. मेलेला डबा दिसायला अगदी नवा होता, म्हणून टाकवला नाही.

त्या दीड वर्षात काथोडदादा दर रविवारी शेतात येऊन बसायचे. एवढंच म्हणायचे, "बघा. तुमी तिघांनी तीन डाव घातलं. माज्या हातान आजून येक पन मोडला न्हाय."



*

मग नव्वद उलटलं आणि काल्हेरची गोदामं सरकत सरकत वडप्यापर्यंत आली. एका रविवारी गेलो तर दादांच्या शेतात खुंट्या ठोकलेल्या.

"पोरांनी जमीन गोदामाला द्यायचं ठरवलंय," दादा म्हणाले. "फुडल्या आठवड्यान जेसीबी येनार." एक खुंटी पायाने हलवून बघितली. "मंग आज माजा डाव."

यावर सांगायला आमच्याकडे कारण उरलं नव्हतं. पण विमान एकच होतं, डबा एकच होता, आणि दोन्ही गेले तर परत येणारे नव्हते. आम्ही तिघं बाजूला जाऊन कुजबुजलो. युक्ती लतीफभाईची, पण मान आम्ही तिघांनीही हलवली. मला लाज वाटत होती. तरी हलवली.

दादांच्या हातात मेलेला डबा द्यायचा. जिवंत डबा घेऊन मास्तरांनी पेंढ्याच्या उडवीमागे बसायचं आणि तिथून विमान उडवायचं. दादांना सांगितलं, "मास्तर शेळ्या आवरायला तिकडे थांबतात." शेळीचं नाव काढल्यावर दादांना पटलं.

मास्तर उडवीमागे जाऊन डबा चालू करून बसले. शेपटी हलतेय हे मी डोळ्यांनी बघितलं. सगळं ठीक.

पण दादांनी पूजा काढली! घरून ताट आलं. विमानाला हळदकुंकू, उदबत्ती, नारळ. नवं लिंबू, नव्या मिरच्या. घरातली झाडून सगळी माणसं पाया पडली, खुंट्यांच्या पलीकडची भावकीसुद्धा. वहिनींनी दादांनाही कुंकू लावलं. पाऊण तास! मग दादांनी स्वतः काठीने इंजिन चालू केलं आणि डबा हातात घेतला.

मी विमान मागून धरलेलं. इंजिनाचा आवाज कानात. नियमाप्रमाणे शेवटचं विचारायचं म्हणून मी उडवीकडे तोंड करून ओरडलो, "मास्तर, आहे ना?"

तिकडून आवाज आला, "हाय!"

एवढ्या वर्षांत मास्तर पहिल्यांदा गावचं बोलले, याचं मला कौतुकच वाटलं. विमान सोडलं.

काय उडालं म्हणून सांगू! हळूच वर चढलं, डावीकडे कललं, आणि दादांच्या शेतावर मोठा गोल घातला. दादा दांडीबरोबर अख्खे वाकत होते. एक गोल, दुसरा, तिसरा. खुंट्यांवरून, विहिरीवरून, हायवेच्या अलीकडून. पोरं ओरडत होती. लतीफभाई डोळे पुसत म्हणाला, "मास्टर ने आज कमाल कर दिया." पेट्रोल संपलं, इंजिन गप्प झालं. विमान तसंच घसरत घसरत खाली आलं आणि दादांच्या पायांपासून दहा हातांवर गवतात थांबलं. नव्या लिंबालासुद्धा धक्का नाही!

दादांनी डबा छातीशी धरला होता. डोळ्यांत पाणी. "माजी अख्खी जमीन फिरलो आज," ते म्हणाले. मग आमच्याकडे वळले. "सोप्पं हाय की! धा वरसं उगीच भेव घातलंत!"

मी उडवीकडे धावत सुटलो. मास्तरांना मिठीच मारायची होती.

मास्तर पेंढ्यात फतकल मारून बसले होते. सदरा घामाने ओला. मांडीवर डबा, त्याचं झाकण उघडं, आठही संपलेले सेल बाहेर. एक सेल हातात धरून ते नुसते चोळत होते.

"मास्तर, काय उडवलंत!"

मास्तरांनी मान वर केली.

"अरं, मी न्हाय म्हनलो व्हतो!"