ओहायोतला मृग आणि माझा हुरडा

शेतीचं ज्ञान मला उपजतच आहे, असं मी ओहायोतल्या आमच्या डब्लिन गावात प्रत्येक पॉटलक जेवणात सांगत असे. खरं तर मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर वाढलो. शेती केली ती गॅलरीतल्या तुळशीची, आणि तीही दोनदा वाळली.

त्या वर्षी बायकोचे वडील सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. सोलापूरकडचे, आयुष्यभर ज्वारी पिकवलेले. मी त्यांना मामा म्हणतो. ते मला जावईबापू म्हणतात आणि त्यातल्या 'बापू'वर असा जोर देतात, की हा मान आहे की कीव, ते पंधरा वर्षांत मला कळलेलं नाही. एकदा तरी या माणसाच्या डोळ्यांत आपलं कौतुक दिसावं, एवढीच माझी इच्छा. म्हणून मराठी मंडळाच्या ग्रुपवर जाहीर करून टाकलं: सप्टेंबरच्या तोंडावर, लेबर डेच्या सुट्टीतल्या शनिवारी, अमेरिका खंडातली पहिली हुरडा पार्टी, ज्वारी आमच्या शेतातली! ऐंशी जणांनी येतो म्हणून कळवलं. शेत तेव्हा अजून मिळायचं होतं.

ते मिळालं गावाबाहेर, मका आणि सोयाबीन लावणाऱ्या एका म्हाताऱ्या गोऱ्या शेतकऱ्याकडे. त्याने कडेचा अर्धा एकर नांगरून दिला, ज्वारीचं बियाणंही मागवून दिलं. मे संपता संपता मला आणि मामांना शेतावर बोलावून म्हणाला, "आज पेर. हिवाळ्यातल्या बर्फाचं पाणी अजून जमिनीत आहे. ते उडालं की बी उगवायचं नाही, आणि पुढे ड्राउट दिसतोय."

मी त्याच्याकडे दयेने पाहिलं. "आमच्याकडे पाच हजार वर्षं शेती चालू आहे. आम्ही मृगावर पेरतो. सात जूनला पाऊस येतो."

"कोण म्हणतं?"

मी फोनवर आमच्या स्वयंपाकघरातल्या पंचांगाचा फोटो दाखवला. खास न्यू जर्सीतल्या आयसेलिनच्या देशी बाजारातून आणलेलं होतं. त्याने तो आदराने न्याहाळला. "यात ओहायोबद्दल काही लिहिलंय?"

तोवर मामा उकिडवे बसले होते. त्यांनी मूठभर माती उचलली, दाबली, अंगठ्याने फोडली. म्हाताऱ्यानेही तसंच केलं. एकाला इंग्रजी येत नाही, दुसऱ्याला मराठी. पण दोघांनी एकदमच मान हलवली.

"वाफसा आलाय, जावईबापू," मामा म्हणाले. म्हणजे पेरणीला हवी तेवढीच ओल आहे.

"मामा, तुम्ही आराम करा हो."

त्यांनी फक्त ओंजळभर बी मागून घेतलं. पाखरांना टाकणार असतील, असं मी समजलो. ते म्हाताऱ्याबरोबर त्याच्या अवजारांच्या शेडमागे गेले आणि मी तासभर शेतकरी म्हणून सेल्फी काढत राहिलो.

सात जूनला मी बांधावर नारळ फोडला. ढग म्हणून नाही. पुढचे पाच आठवडे असं ऊन पडलं, की मक्याची पानं गुंडाळून उदबत्त्या झाल्या. एका भेगेत माझी चप्पल पडली, तिचा आवाजच आला नाही. ती थेट सोलापुरात निघाली असणार. मामा रोज चहाला विचारत, "जावईबापू, मृग कुठवर आला?"

"वाटेत आहे, मामा."

"त्याचा व्हिसा रिजेक्ट झालाय," आतून बायको.

जुलैच्या मध्यावर एकदाचा पाऊस झाला आणि मी पेरलं. ऑगस्ट संपत आला तेव्हा ज्वारी गुडघ्याला लागत होती. कणसाचा पत्ता नाही आणि पार्टी दोन दिवसांवर. मी सबबी तयार केल्या: कीड, हरणं, जागतिक परिस्थिती. तालमीसाठी मामांना शेतावर नेलं. पण त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि तोंडून भलतंच निघालं.

"मामा, फजिती झाली माझी. लोकांना काय तोंड दाखवू?"

त्या वर्षातलं माझं ते पहिलं खरं वाक्य असेल.

"चला," मामा म्हणाले आणि मला शेडमागे घेऊन गेले. तिथे शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ज्वारीची एक ओळ, माझ्या डोक्याच्या वर. कणसं दुधाळ दाण्यांनी गच्च.

"ओल होती तवाच टाकली. मुळं ओलीच्या मागं खाली गेली, मग वरचं ऊन काय करतंय?"

"पण मृग...?"

"अवो, आमची ज्वारी रब्बीची! पावसाळा सरल्यावर साठल्या ओलीवर पेरतो आमी. हितं पावसाचं काम बर्फ करतंय, एवढाच फरक. मृगावर कुणी सांगितली तुमाला?"

कुणीच नाही. पाच हजार वर्षांत कुणीच नाही.

शनिवारी ऐंशी माणसं जमली. गोवऱ्या कुठल्या मिळायला. म्हाताऱ्याच्या ग्रिलवर कणसं भाजली. मामा गरम कणसं तळहातांत चोळत होते आणि माणशी जेमतेम मूठभर हुरडा, वर लसणाची चटणी, असं वाटत होते.

"काय यार, कमाल केलीत!" कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. मी मामांकडे पाहिलं. आता हा माणूस ऐंशी जणांपुढे माझी सालटी काढणार.

"आमच्या जावईबापूंनी पेरली," मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "लई जीव लावला."

टाळ्या पडल्या. शेजारी उभ्या म्हाताऱ्याने मला कोपराने ढोसलं. "काय म्हणाला तो?"

"म्हणाला, मी पेरली."

म्हाताऱ्याने मामांकडे पाहिलं. मामांनी हसत रिकामी मूठ दाबून दाखवली, त्यानेही दाबून दाखवली. मग दोघेही माझ्याकडे बघत राहिले.

मी दोन्ही गाल फुगेपर्यंत हुरडा तोंडात कोंबला, बोलायची सोयच ठेवली नाही.