पदरातला गूळ आणि खैरीची शर्यत

नवापूरकडे काशीचं माहेर. तिथल्या बायका दरवर्षी निरोप धाडतात: सारंगखेड्याच्या घोड्यांच्या जत्रेला कसं जावं, काय न्यावं, शर्यतीत पैज कुठल्या घोड्यावर लावावी. काशी माझी नातसून. तिला म्हटलं, वही काढ, यंदाची जत्रा सांगते, एकदाच लिही आणि धाडून दे माहेरी. मला अक्षर येत नाही. घोडा मात्र लांबून कळतो. पैजेचा नाद मला दात यायच्या आधीपासून असावा. आता दात गेले, नाद तेवढा राहिला.

यंदा जायचं ठरलं ते भांडणातून. माझं सासर-माहेर दोन्ही म्हसावदलाच, त्यामुळे भावाशी भांडायला मला गल्लीच्या टोकापर्यंतच जावं लागतं. धाकटा भाऊ नारू, वय साठीला टेकलेलं. त्याच्याकडे खैरी नावाची घोडी आहे, काताच्या रंगाची. तिच्या डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा आहे. घोडेवाले त्याला आसूढाळ म्हणतात. असा घोडा ज्याच्या दारी, त्याच्या डोळ्यांतून आसवं गळतात, अशी समजूत. शिंगरू होती तेव्हापासून खैरी आमच्यात आहे, कुणी त्या भोवऱ्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. मागच्या श्रावणात नारूची बायको चंद्रा तापानं गेली. नारू खैरीवर बसून शहाद्याला गेला, डॉक्टर घेऊन आला, पण उशीर झाला होता. मग सगळ्या गावाला तो भोवरा दिसायला लागला. शेवटी नारूलाही.

मार्गशीर्ष लागला तसा तो म्हणाला, खैरीला जत्रेत विकून टाकतो. मी नको म्हटलं. तो ऐकेना. तेव्हा मी त्याला त्याच्या दुखऱ्या जागी धरलं, म्हणजे पैजेत. म्हटलं, जत्रेत शर्यती होतात, त्यात पळव तिला, आणि मग ठरव. नारूनं तंबाखू मळत बराच विचार केला.

"पहिली उनी तर घर लई जासूत," तो म्हणाला. "नही ते इकी टाकसूत. मंग तू तोंड उघडानं नही."

आमच्या वडिलांनी आम्हाला दोनच गोष्टी शिकवल्या: बैलाला जेवणाआधी पाणी, आणि लावलेली पैज मोडायची नाही. मी हो म्हटलं.

शुक्रवारी पहाटे गाडी जुंपली. लढाईमुळे मोटारीला पेट्रोल मिळत नाही. शहाद्याची मोटार आठवड्यातून कधी येते ते मोटारवाल्यालाही ठाऊक नसतं. तेव्हा बैलगाडीच बरी. तुम्ही नवापूरकडून येणार, तर आगगाडीनं दोंडाईच्याला उतरा, तिथून छकडा करा, आणि तापी नावेनं ओलांडा. नावाडी आधी भाडं जास्त सांगतो. तुम्ही नदीकडे बघत बसायचं, तो आपणहून खाली येतो.

आमची वाट उत्तरेकडून. शहाद्यापर्यंत रस्ता बरा, पण कापसाच्या गाड्यांनी चाकोऱ्या अशा खोल पाडल्यात की एकदा चाक आत गेलं की शहाद्याशिवाय बाहेर येत नाही. गाडीमागून खैरीला धरून रेवजी चालत होता. रेवजी धडगावच्या डोंगरातला, पावरा जमातीचा, हंगामात आमच्या शेतावर राबतो. अंगानं काटक, बोलायला कंजूष. खैरीला पळायला त्यानंच शिकवलंय, आणि शर्यतीत तिच्यावर तोच बसणार होता. नारू पुढं बसून बैलांशी बोलत होता. माझ्याशी बोलला तो एकदाच, मांडीखालचं गाठोडं सरकव म्हणून. त्यात लाल लोकरीचा मोठा गोंडा होता, घोडीच्या कपाळाला बांधायचा, डाव्या डोळ्यावर ओघळेल असा. भोवरा झाकायचा गोंडा. गोंडा सुरेख होता, तेवढंच मी सांगितलं.

मुक्काम शहाद्याच्या धर्मशाळेत केला. बरोबर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि दोन वांगी घ्या; वांगी तिथल्या चुलीत भाजता येतात. कांदा विसरू नका. मी विसरले, आणि नारूनं तो विषय सारंगखेड्यापर्यंत पुरवला.

शनिवारी सकाळी तापी दिसली. थंडीनं पाण्यावर धूर धरलेला, आणि काठानं नजर जाईल तिथवर घोडे. पांढरे, काळे, अबलख, गुजरातेतून आलेले, माळव्यातून आलेले. आधी दत्ताच्या देवळात गेले, नारळ फोडला, हात जोडले. मागायला जीभ रेटेना. मागायचं ते देवाला सांगायची लाज वाटत होती. का, ते पुढं येईलच.

देवळाबाहेर भागीरथी भेटली. ही प्रकाशा गावची, माझ्या वयाची. पोरवयापासून आम्ही याच जत्रेत भेटतो आणि गुळाची पैज लावतो. पैसा लावायचा नाही, गूळच. हरेल तिनं खडा काढून जिंकेल तिच्या पदरात घालायचा.

"मरानं पहिले मन्हा गूळ परत करी जाय," भागीरथी म्हणाली. सत्तर वर्षांच्या बाईला रामराम करायची ही तिची रीत.

दिवसभर किरकोळ शर्यती होत्या, चार-चार घोड्यांच्या, नदीकाठच्या मळईतून, म्हणजे गाळाच्या रानातून. पैज लावणाऱ्यांसाठी सांगते. तेलानं चमकणाऱ्या घोड्यावर लावू नका. तेल पाठीला लावतात, पाय तसेच असतात. उभा घोडा बघू नका, पाणी पिऊन परत येताना बघा, तेव्हा तो कुणासाठी चालत नसतो. आणि मालक फार बोलत असेल तर समजा घोडा कमी पळतो. या तिन्ही गोष्टी पाळून मी पहिल्या दोन पैजा हरले. मग नशीब फिरलं. एक काळा, एक अबलख, एक हाडकुळी घोडी जिच्यावर भागीरथी पोट धरून हसली होती, सगळे माझे आले. दिवस कलला तेव्हा पदर गुळानं इतका जड झाला होता की नारूनं विचारलं, पोटात काय घेऊन हिंडतेस. आयुष्यात एवढा गूळ मी कधी जिंकला नव्हता. त्या आनंदात भागीरथीला जिलबी खाऊ घातली. गरम होती. भागीरथीनं माझीही खाल्ली.

रविवारी सकाळी मोठी शर्यत. सात घोडे. रेवजीनं खैरीला नुसती दोरी लावली, खोगीर नाही. नारू शेवटच्या खुणेपाशी जाऊन उभा राहिला. मला तिथली गर्दी सोसवेना, म्हणून वाटेच्या मध्यावर बाभळीखाली थांबले. पदर तसाच बांधलेला. एवढा जिंकलेला गूळ गाडीत कुणाच्या भरवशावर ठेवणार.

इथं एक सांगायचं राहिलं. खैरी शिंगरू असल्यापासून रोज सकाळी माझ्या दारावरून पाण्याला जाते, आणि रोज मी तिला पदरातून गुळाचा खडा देते.

घोडे सुटले. पहिल्यांदा नुसती धूळ दिसली, मग धुळीच्या पुढं खैरी. मान लांब, कान मागं, रेवजी तिच्या मानेवर पानासारखा चिकटलेला. दुसरा घोडा दोन हात मागं. मी देवाचं नाव घ्यायचं विसरून तोंड उघडं टाकून बघत राहिले. ती बाभळीजवळ आली, तिनं मला पाहिलं, की वारा तिच्याकडे होता कोण जाणे. तिची मान वळली. चाल मोडली. दोन पावलं, फार तर तीन, ती माझ्याकडे आली. रेवजीनं तिला परत वाटेला लावलं आणि त्यानंतर ती जे पळाली ते मी जन्मात विसरणार नाही. पण पांढरा घोडा तेवढ्यात पुढं निघून गेला होता. खैरी दुसरी आली. मधे एका मुंडक्याचं अंतर.

मी पोचले तेव्हा रेवजी तिला फिरवत घाम जिरवत होता. म्हणाला, "माय, ती तुन्हाकडे वळनी. मी काय करू."

भागीरथी शेजारी होती. तिनं माझ्या पदराकडे पाहिलं, मग घोडीकडे. मी गाठ सोडून सगळा गूळ तिच्या ओटीत ओतला. तिनं घेतला, हे पण लिही काशी.

नारू लांब उभा होता. मला वाटलं, पैज जिंकल्याची मिशी पिळत येईल. तो आला तो घोडीकडेच बघत आला. तिच्या पाठीवर हात ठेवला.

"आक्का, मी तिन्हा पाठवर बठेल व्हतू," तो म्हणाला. "ती कशी पयस ते माले कधी दिखनंच नही."

श्रावणातल्या त्या दिवसाबद्दल बोलत होता तो: पाठीवर बसलेल्याला घोडी पळताना दिसत नाही. मी म्हटलं, मग विकू नको. त्यानं मान हलवली. पैज म्हणजे पैज. त्यानं गाठोड्यातून गोंडा काढला, खैरीच्या कपाळाला बांधला, आणि तिला विकायच्या रांगेत नेऊन उभी केली.

दुसऱ्या आलेल्या घोडीला गिऱ्हाईक लागायला वेळ लागत नाही. दुपारी गुजरातचे एक म्हातारे व्यापारी आले, पांढरा फेटा, बोलणं मऊ. त्यांनी दात पाहिले, खूर पाहिले, तिला चालवून पाहिली. मग रीतीप्रमाणे त्यांनी आणि नारूनं रुमालाखाली हात घातले. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. कापडाआड बोटं दाबून ठरवतात, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. बोटं हलत होती. दोघांची तोंडं दगडाची. मग व्यापाऱ्यांनी मान डोलावली. म्हणजे ठरलं.

मी ठरवून टाकलं की गोंडा ओढायचा. पैजेत तोंड उघडायचं नाही असं कबूल केलं होतं, हाताचं काही ठरलं नव्हतं. मी खैरीच्या मानेशी गेले. पण व्यापाऱ्यांनी आधीच मायेनं तिच्या कपाळावरून हात फिरवला, आणि गोंडा त्यांच्या हातात आला. आख्खा. गाठीसकट नाही, कारण गाठ नव्हतीच. नुसता पीळ दिलेला.

म्हाताऱ्यांनी डोळ्याखाली बोट टेकवून पाहिलं. "भाई, आ तो आंसुढाळ छे," ते म्हणाले, रागानं नाही, कुणाच्या घरी सुतक आहे हे उशिरा कळल्यासारखं. नारूच्या हातात गोंडा देऊन ते निघून गेले. त्यांच्या मागून आणखी दोघं आले होते, तेही भोवरा बघून वळले. सूर्य तापीवर आला तोवर सगळ्या बाजारात बातमी झाली होती. नारूनं तिला सांजेपर्यंत उभी ठेवली. विकायला काढली होती, कुणी घेतली नाही, यात पैज कुठं मोडली?

नारूनं उभ्या जन्मात बांधलेली गाठ कधी सुटली नाही. कडब्याच्या पेंढ्या, गाडीचे दोर, सगळं आम्ही विळ्यानं कापतो. तरी गोंडा बनवणाऱ्यालाच त्यानं दोन शिव्या दिल्या.

सोमवारी परत निघालो. शहादा मागं पडल्यावर रस्त्यावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. देवळात जे मागता आलं नव्हतं ते मला तिथं बोलावंसं वाटलं. चंद्राला ताप आला तेव्हा नारू पहिल्याच दिवशी डॉक्टर आणतो म्हणत होता. मीच अडवलं. म्हटलं, कशाला खर्च, भगताचा अंगारा लाव, उतरेल. तीन दिवस अंगारा लावला. चौथ्या दिवशी खैरी शहाद्याला धावली. घोडी लवकरच पोचली होती. उशीर माझ्या घरून निघाला होता, आणि तिच्या भोवऱ्याखाली मी तो वर्षभर लपवला होता. हे सगळं मी नारूच्या पाठीला सांगितलं, तो पुढं बघत होता म्हणून जमलं.

बैल चार-पाच शेतं चालले.

"माले मालूम शे, आक्का," तो म्हणाला. "तुले तर इकता येत नही. म्हनीसन घोडीले इकाले निंघनू."

मग तो हसला. चंद्रा गेल्यापासून पहिल्यांदा. मागून रेवजी पण हसला; त्याला किती ऐकू गेलं होतं देव जाणे. मी डोळ्याला पदर लावला, तर पदराला अजून गुळाचा वास.

घरी येऊन आता पंधरा दिवस झाले. जत्रेतून आणलेलं म्हणाल तर काहीच नाही. एक गोंडा, तोही आमचाच. तो खैरीच्या गळ्यात बांधलाय, डोळा उघडा आहे. गल्लीतल्या बायका अजून भोवऱ्याकडे बघून बोलतात. बोलू देत. त्या भोवऱ्यामुळेच ती घरी आहे, नाहीतर आज सुरतेच्या रस्त्यावर असती. ज्या खुणेपायी तिला घालवायची, त्याच खुणेनं ती राखली. मी रोज सकाळी खडा देताना आधी त्या भोवऱ्याला बोट लावते आणि मग दत्ताचं नाव घेते. दत्तानं राग मानला तर पुढच्या वर्षी समक्ष सांगेल.

तुम्ही जाल तर तीन दिवस आधी निघा, कांदे घ्या, प्रकाशाच्या बाईशी गुळाची पैज लावू नका. जिंकलात तर गूळ शर्यत संपेपर्यंत दुसऱ्याकडे ठेवा.

परवा नारूनं कडबा बांधून दिला. पेंढी सोडायला मला विळा लागला.