बघून शिकणारा माणूस

निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी पोहण्याचा वर्ग लावला. मी पाण्यात उतरले. हे मात्र काठावर बसून मोबाइलवर पोहण्याचे व्हिडिओ बघत हवेत हात मारू लागले.

"काका, आता पाण्यात या," शिकवणारी मुलगी म्हणाली.

"मी बघून शिकणारा माणूस आहे," हे शांतपणे म्हणाले. आपण कसे शिकतो हे सांगणारी चाचणीच त्यांनी मोबाइलवर दिली होती.

मी जन्मभर शाळेत शिकवलं. कुणी ऐकून शिकतं, कुणी हाताने करून, असं प्रशिक्षणात मलाही सांगितलं होतं. मला ते कधी पटलं नाही; बहुधा तेव्हा मी डुलक्या घेत होते. पण यांचे हात हवेत इतके सुरेख चालत की मला माझ्याच धडपडीची लाज वाटे.

आठवड्याने हे उतरले. पायाखालची फरशी सुटताच बघितलेलं सगळं विसरून त्यांनी माझ्या गळ्याला मिठी मारली. इतक्या वर्षांच्या संसारात, चारचौघांत, पहिल्यांदाच. मोबाइल सगळं शिकवतो, पण घाबरल्यावर धरायला काही त्याला गळा नसतो, असं माझ्या मनात आलं.

"लोक बघताहेत, सोडा आता," मी म्हणाले.

"बघू देत," हे म्हणाले आणि त्यांनी मिठी आणखी घट्ट केली.